आधी पत्ता, मग बाकी सगळं: ग्योटिंगेनला निघालेल्या घाटंजीच्या मुलीला उत्तर

घाटंजी तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. अ‍ॅग्री झाली. जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठात शाश्वत आंतरराष्ट्रीय शेती या विषयात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. एपीएस (पदवीच्या कागदपत्रांची जर्मन पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट (वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा झाला. सप्टेंबरच्या शेवटी निघायचं आहे. घरचं कोणी नागपूरच्या विमानतळात कधी आत गेलेलं नाही. पहिले पंधरा दिवस कसे काढायचे, सामान काय न्यायचं, आणि घरच्यांना रोज काय सांगायचं?

पोरी, पहिल्या पंधरा दिवसांत तुझं खरं काम एकच आहे. त्या गावात तुझा पत्ता कागदावर लागला पाहिजे. बँक, राहण्याचा परवाना, टॅक्सचा नंबर, पोस्टानं येणारी कार्डं, सगळं त्या एका पत्त्याला बांधलेलं असतं. मी तिथे संशोधनासाठी काही वर्षं राहिले, आता आपल्याच जिल्ह्यात शेती शिकवते, आणि इथून गेलेल्या पोरापोरींचे पहिल्या महिन्यातले फोन मला येत असतात. ज्यांचं पत्त्याचं काम लवकर होतं ती ऑक्टोबरच्या शेवटी अभ्यासाबद्दल बोलायला लागतात. ज्यांचं अडकतं ती दिवाळी होऊन गेली तरी पैशांबद्दलच बोलत असतात.

क्रम समजून घे. खोलीचा करार झाला की घरमालकाकडून, किंवा विद्यार्थी वसतिगृह चालवणाऱ्या श्टुडेंटनवेर्ककडून, आणखी एक कागद मागायचा. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांब, कागद एका पानाचा: ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहायला आली, खाली सही. भाड्याचा करार त्याच्या जागी चालत नाही, म्हणून चावी घेतानाच तो मागून घे. तो कागद, पासपोर्ट आणि भरलेला अर्ज घेऊन नगरपालिकेत नाव नोंदवायचं. याला आनमेल्डुंग म्हणतात आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी असा तिथला कायदा आहे. ग्योटिंगेनची नगरपालिका, म्हणजे नवं राटहाउस, हिरोशिमाप्लाट्झ नावाच्या चौकात आहे. ऑक्टोबरच्या तोंडावर विद्यार्थ्यांची झुंबड उडते, त्यामुळे वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. तिथे तिला टेर्मिन म्हणतात. विमानाचं तिकीट निघालं त्याच दिवशी टेर्मिन बघायला लाग. दोन आठवड्यांच्या पुढची मिळाली तरी घेऊन टाक आणि वेळ कधी मागितली होती तो ईमेल जपून ठेव.

नोंदणी झाली की एक दाखला मिळतो, मेल्डेबेशाइनिगुंग. तो दाखवून बँकेत चालू खातं उघडायचं. खात्याचा आयबान नंबर ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना कळवायचा, की तुझे पैसे महिन्याला ९९२ युरोप्रमाणे त्या खात्यात यायला लागतात. वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे आपले बारा लाखांच्या आसपास, तुझ्या घरच्यांनी आधीच भरून ठेवलेत. पण खातं उघडेपर्यंत त्यातला एक युरोही तुझ्या हाती लागत नाही. इथेच बहुतेक मुलं अडकतात. टॅक्सचा नंबर, म्हणजे श्टॉयर-आयडी, नोंदणीनंतर आपोआप पोस्टानं येतो. आरोग्य विमा तर विद्यापीठात नाव दाखल करतानाच लागतो. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी योजनेतला विमा सवलतीत मिळतो, तोच घे. प्रवासाचा स्वस्त विमा आणि हा विमा वेगळे आहेत. प्रवासाच्या विम्यावर नाव दाखल होत नाही.

आता टपालपेटीबद्दल जरा थांबून सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. इमारतीच्या दाराशी लोखंडी पेट्यांची रांग असते आणि प्रत्येक पेटीवर नावाची पट्टी. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. पत्ता बरोबर असला आणि नाव नसलं, तर पत्र आल्या वाटेनं परत जातं. पुसदकडचा एक मुलगा असाच अडकला होता. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. बँकेचं कार्ड आलं, परत गेलं. कार्डाचा पिन वेगळ्या पाकिटात येतो, तोही परत गेला. विम्याचं कार्डही गेलं. बँकेला वाटलं माणूस राहतच नाही इथे. महिना होत आला तरी तो रूममेटकडून उसने घेऊन दिवस काढत होता, आणि घरी मात्र सगळं छान आहे म्हणून सांगत होता.

म्हणून हातातल्या बॅगेत एक स्केचपेन आणि चिकटपट्टी ठेव. पहिल्या संध्याकाळी, मोठी बॅग उघडायच्या आधी, कागदाच्या पट्टीवर नाव लिहून पेटीवर आणि घंटीच्या बटणाशी लाव. पक्की पाटी इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर नंतर लावून देईल. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिही. आपल्याकडे पासपोर्टावर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात असतं. तिथली माणसं आडनावानं ओळखतात, म्हणून आडनाव ठळक काढ. करारावर, बँकेत, विम्यात, विद्यापीठात स्पेलिंग एकच पाहिजे. कुठे वडिलांचं नाव घातलं, कुठे गाळलं, असं झालं की दोन वेगळी माणसं समजून फाइल बाजूला पडते.

ब्लॉक्ड अकाउंटमधला पहिला हप्ता हाती येईपर्यंत दोन ते चार आठवडे जातात असं धरून चाल. तेवढ्यात भाडं, डिपॉझिट, किराणा, गादीची चादर-उशी हा खर्च असतो. फॉरेक्स कार्डावर दोन महिन्यांचा खर्च आणि हातात काही शे युरो रोख ठेव, पन्नासच्या आतल्या नोटांमध्ये. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन पटींपेक्षा जास्त मागायला तिथल्या कायद्यानं मनाई आहे, वसतिगृहात ते बरंच कमी असतं. आणि कोणी म्हणालं की मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरनं पाठवतो, तर तिथेच बोलणं बंद कर. खोल्यांची टंचाई असलेल्या प्रत्येक विद्यापीठाच्या गावात हा फसवणुकीचा धंदा चालतो आणि लांबून येणारी, घाबरलेली मुलं त्यात सापडतात.

पोहोचायचा दिवस विचारानं निवड. सोमवार ते गुरुवार, आणि जमलं तर दुपारच्या आत. चावी देणाऱ्याची वेळ ठरलेली असते. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलीस तर सोमवारपर्यंत बॅगा घेऊन कुणाच्या तरी दारात बसावं लागेल. ३ ऑक्टोबरला जर्मन एकीकरणाची सुट्टी असते, त्या दिवशी सगळं बंद. रविवारी दुकानं बंदच. रेल्वे स्टेशनातली काही उघडी असतात, तेवढाच आधार. फ्रँकफर्टला उतरलीस की विमानतळाखालूनच लांबच्या गाड्या सुटतात. थेट किंवा एक गाडी बदलून दोन-अडीच तासांत ग्योटिंगेन येतं. तिकीट काढताना स्पारप्राइस नावाचं स्वस्त तिकीट दिसेल. ते फक्त त्याच एका गाडीला चालतं. विमान उशिरा उतरलं, इमिग्रेशनच्या रांगेत वेळ गेला, की ते हातचं जातं. त्या दिवशी थोडे जास्त पैसे मोजून कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घे.

सामानाचं. आजी तुपाची बरणी देईल, तिला आत्ताच समजावून सांग. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही आणता येत नाहीत. तूप, खवा, पनीर सगळं त्यात आलं. ताजी फळं, पालेभाजी, कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून संत्री इथेच खाऊन जा. तू शेतीची मुलगी आहेस, हौसेनं गावरान ज्वारीचं किंवा सरकीचं बी खिशात टाकावंसं वाटेल. तेही नाही. बियाण्याचे नियम फळांपेक्षा कडक आहेत. जवसाची चटणी, कराळाची चटणी, लाल तिखट, सांडग्या, कुरडया, पापड, वाळवलेली अंबाडी, गोडा मसाला हे खुशाल ने, पण दुहेरी पिशवीत आणि वर नाव लिहून. तूरडाळ, तांदूळ, कोथिंबीर, भेंडी तिथल्या तुर्की आणि आशियाई दुकानांत मिळते, त्यात वजन घालवू नकोस. ज्वारीचं पीठ प्रत्येक वेळी मिळेल असं नाही, तेवढं दोन किलो ने. कुकर स्टीलचा घे. तिथल्या शेगड्या विजेच्या असतात आणि काही ठिकाणी इंडक्शन असतं, त्यावर अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. चष्मा असेल तर जास्तीची जोडी इथूनच करून ने. रोजचं औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत. जाड जॅकेट नागपुरात घेऊ नकोस, आपल्याकडे खऱ्या थंडीचे कपडे दुकानदारालाही माहीत नसतात. एक स्वेटर, एक पाणी आत न जाणारं पातळ जॅकेट आणि चांगले बंद बूट एवढ्यावर ऑक्टोबर निघतो. बाकी तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतं.

कागदपत्रं चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. मूळ प्रती, प्रत्येकीच्या दोन झेरॉक्स, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, प्रवेशपत्र, विम्याचा कागद, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, खोलीचा करार, सगळं अंगाशी. त्याचीच एक झेरॉक्स घरी बाबांजवळ.

खोलीत गेल्यावर पहिल्या काही गोष्टी विचित्र वाटतील. खिडकीची मूठ आडवी केली की खिडकी दारासारखी उघडते, वर केली की नुसती वरून कलते. हीटरच्या नॉबवर १ ते ५ आकडे असतात, तीनवर ठेवलं तरी खोली उबदार राहते. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची. नाहीतर श्वासाची, आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ भिंतीवर बसते, बुरशी धरते, आणि निघताना ती भरपाई डिपॉझिटमधून कापतात. हे उन्हाळ्यात ४५ अंशांत कूलरपुढे झोपणाऱ्या माणसाला पटायला वेळ लागतो, पण पहिल्या दिवसापासून सवय लाव.

स्वयंपाकघर बहुधा सामायिक असतं आणि छताला धूर ओळखणारं यंत्र. आपली फोडणी त्याला चालत नाही. तेल कडकडीत तापवून त्यात मोहरी आणि सुकी मिरची टाकलीस, की ठसका लागायच्या आधी भोंगा वाजतो. काही इमारतींत हे यंत्र थेट अग्निशमन दलाला जोडलेलं असतं, आणि खोट्या इशाऱ्यावर गाडी आली तर खर्च तुझ्या अंगावर पडू शकतो. झाकण हातात धरून मंद आचेवर फोडणी घाल, शेगडीवरचा पंखा आधी लाव, खिडकी उघड. आणि यंत्रावर प्लास्टिकची पिशवी बांधायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. ज्या दिवशी खरी आग लागेल त्या दिवशी वरच्या मजल्यावरची मुलं झोपलेली असतील.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता. व्हिडिओ कॉलवर आपण मोठ्यानं बोलतो, भिंती पातळ असतात, शेजारी तक्रार करतो. इयरफोन लाव. कचरा चार प्रकारांत वेगळा टाकायचा, कागद, प्लास्टिक-धातू, ओला आणि उरलेला. कुठला डबा कशाचा ते पहिल्या दिवशी रूममेटला विचार, ओळख करून घ्यायला तेवढं निमित्तही होतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की परत मिळते. तसं नळाचं पाणी सरळ पिता येतं, बाटली विकत घ्यायची गरजच नाही. रुंडफुंक म्हणजे रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. ते खरं असतं, फसवणूक नव्हे. पण वर्गणी घराला एक असते, माणशी नाही. चौघी एका फ्लॅटमध्ये असाल तर एकीनं भरायची आणि वाटून घ्यायची. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघ, वाहनं उजव्या बाजूनं चालतात. जुनी सायकल मिळाली तर घे, पण दिवा चालू पाहिजे आणि उलट्या बाजूनं चालवायची नाही. ११२ हा अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचा नंबर, ११० पोलिसांचा, आणि रात्री-अपरात्री ताप आला पण जीवावरचं नाही अशा वेळी डॉक्टरसाठी ११६११७. हे तीन नंबर फोनमध्ये आत्ताच घालून ठेव.

अभ्यासाचं थोडक्यात, कारण तू ते शिकशीलच. वेळापत्रकात वेळेपुढे सी.टी. लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, १० म्हणजे सव्वादहा. एस.टी. लिहिलं असेल तर ठोक्याला. मार्कांचा उलटा हिशोब आहे, १ सगळ्यात चांगला, ४ ला पास, ५ म्हणजे नापास. साहित्य स्टुड.आयपी या प्रणालीवर येतं आणि परीक्षेची नोंदणी फ्लेक्सनाऊवर करावी लागते. आपल्याकडे फॉर्म भरायची तारीख कॉलेज ओरडून सांगतं. तिथे कोणी आठवण करून देत नाही, तारीख गेली की त्या परीक्षेला बसता येत नाही. हे दिवाळीच्या सुमारास एकदा नीट बसून बघ. तुझा अभ्यासक्रम ग्योटिंगेन आणि कासेल ही दोन विद्यापीठं मिळून चालवतात, कासेलचा शेतीचा विभाग वित्झेनहाउझेन या छोट्या गावात आहे. तिथल्या काचघरात कॉफी, कोको, केळी वाढवलेली आहेत. १८९८ मध्ये त्या जागी वसाहतींत जाणाऱ्या जर्मनांना शेती शिकवायची शाळा निघाली होती. तो इतिहास समजून तिथे फिर, आज तिथे सेंद्रिय शेतीवर काम चालतं.

वर्गात सुरुवातीला तुला वाटेल की आपलं इंग्रजी कच्चं, आपण मागे बसावं. पुढे बस. चर्चा कीटकनाशकांवर येईल, बीटी कापसावर येईल, अल्पभूधारकांवर येईल, आणि तिथल्या बहुतेक मुलांनी हे कागदावर वाचलेलं असेल. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची पऱ्हाटी पोखरली. तू तेव्हा शाळेत असशील, पण तुझ्या घरानं ते पाहिलं आहे. दाट वाढलेल्या पऱ्हाटीत खांद्याच्या वर फवारा धरून चालणारा मजूर कसा भिजतो, मास्क लावून उकाड्यात काम का होत नाही, दोन-तीन औषधं एकत्र का मिसळली जातात, हे त्या वर्गात तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सावकाश सांग, आकडे कुठून आले ते सांग, पण सांग. प्राध्यापकांना असे विद्यार्थी हवे असतात. तुझा प्रबंधाचा विषयही तिथूनच निघू शकतो.

नोंदणीचं काम मार्गी लागलं की शहरात फिर. जुन्या गावाभोवतीचा तट आता झाडांखालची पायवाट झाला आहे, तासाभरात पूर्ण फेरी होते आणि पैसा लागत नाही. पहिल्या रविवारी, दुकानं बंद असताना आणि खोली खायला उठते तेव्हा, ही फेरी मार. तटाच्या लगत विद्यापीठाची जुनी वनस्पतीबाग आहे. जुन्या राटहाउससमोर कारंज्यावर हंस सांभाळणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, गेन्झेलीझल. पीएच.डी. झालेला प्रत्येक जण तिथे चढून तिला फुलं देतो आणि तिच्या गालाचा मुका घेतो, अशी तिथली रीत आहे. घरांच्या भिंतींवर पाट्या दिसतील, कोण कोणत्या साली इथे राहिलं त्याच्या. गणितज्ञ गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांनी १८३३ मध्ये याच गावात छपरांवरून तारा ओढून पहिल्या काही तारयंत्रांपैकी एक चालवलं. १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजानं राज्यघटना रद्द केली तेव्हा सात प्राध्यापकांनी लेखी विरोध केला आणि नोकऱ्या गमावल्या. लोककथा गोळा करणारे ग्रिम बंधू त्यांत होते. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू प्राध्यापकांना काढून टाकलं आणि जगातलं एक मोठं गणित-भौतिकशास्त्राचं केंद्र उजाड झालं. एमी नोएथर ही गणितज्ञ त्या वेळी गेलेल्यांपैकी.

आपल्या माणसांचाही या गावाशी जुना संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न १८८१ मध्ये भारतातून गेले आणि ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले. याच विद्यापीठानं १८८५ मध्ये रा. गो. भांडारकरांना मानद पीएच.डी. दिली. आणि ज्यांचं नाव तुझ्या पदवीवर आहे ते पंजाबराव, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, बोटीनं समुद्र ओलांडून एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकायला गेले होते. तिथल्या दगडी इमारतींपुढे आपण कोण, असं वाटेल तेव्हा हे आठवून बघ.

आता घरचं. तू विचारलंस रोज काय सांगायचं. माझं म्हणणं असं की निघायच्या आधीच एका पानावर मराठीत क्रम लिही: चावी, घरमालकाचा कागद, नगरपालिकेत नोंदणी, बँक खातं, पहिला हप्ता, परवान्याचा अर्ज. ते पान घरात सगळ्यांना दिसेल असं लाव. मग बाबा फोनवर नोकरी लागली का विचारायच्या ऐवजी पत्त्याचं झालं का म्हणून विचारतील. घरच्यांचा ताण निम्मा असतो तो काहीच कळत नसल्याचा, आणि तो फोनमधून तुझ्या अंगावर येतो. आई विचारेल, ‘जेवली का माय?’ त्यावर नुसतं हो म्हणू नकोस. काय जेवलीस ते सांग. मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, बटाटे आणि मसूर मिळाले असं सांगितलं की तिला चित्र दिसतं.

अडचण लपवू नकोस. पुसदच्या त्या मुलानं घरी सांगितलं असतं, तर घरच्यांनी फॉरेक्स कार्डावर चार दिवसांत पैसे टाकले असते. आणि त्यांनाही तुझ्यापासून लपवू देऊ नकोस. तू जाशील तेव्हा वेचणी सुरू व्हायची असेल. मजूर मिळत नाहीत, भाव पडला, आजीला बरं नाही, हे तुला कळू नये म्हणून सगळे घरात ठरवून बोलतील. आधीच सांगून ठेव की मला खरं कळलं नाही तर माझा अभ्यास होत नाही. वेळेचा फरक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास असतो, त्या रात्री तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि तो साडेचार होतो. आपल्या रात्री नऊला त्यांचे साडेचार वाजलेले असतात, आणि डिसेंबरात तेवढ्यात अंधार पडतो.

तो अंधार हलक्यात घेऊ नकोस. नोव्हेंबरमध्ये दिवाळीची गडबड फोनवर ऐकून, खिडकीबाहेर करडं आभाळ बघून, चांगली कणखर मुलंही कोसळतात. दुपारी अर्धा तास उजेडात चालत जा, पाऊस असला तरी. आठवड्यातून एकदा तरी कोणाबरोबर तरी जेव. दोन आठवडे झोप लागत नसेल, वर्गात जावंसं वाटत नसेल, तर श्टुडेंटनवेर्कची मानसिक समुपदेशनाची सेवा आहे, तिथे वेळ घे. आपल्याकडे अशा ठिकाणी गेलं की लोक नावं ठेवतात. तिथे ते दाताच्या डॉक्टरकडे जाण्याइतकं साधं आहे, आणि घरी कोणाला कळतही नाही. रस्त्यात कोणी रंगावरून, देशावरून काही बोललं तर वाद घालत उभी राहू नकोस, तिथून निघ. पण विद्यापीठाच्या आवारात घडलं तर गप्प बसू नकोस, परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन सांग.

कामाची घाई पहिल्या महिन्यात नको. परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि २०२६ च्या जानेवारीपासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आकडा रुपयांत बदलला की डोळे फिरतात. पण पहिलं सत्र बुडालं तर कर्जाचा हिशोब बिघडतो. विभागातच विद्यार्थी-सहायकाचं काम निघतं, प्रयोगशाळेत, वावरात, माहिती भरायला. नोव्हेंबरात प्राध्यापकांना थेट विचार. बँकेच्या शैक्षणिक कर्जासाठी नाव दाखल झाल्याचा दाखला दर सत्राला इथल्या शाखेत पाठवत जा, मागायची वाट बघू नकोस. आणि व्हिसा संपायच्या किमान दोन-अडीच महिने आधी परवान्याचा अर्ज टाक. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळ मिळायलाच आठवडे जातात.

तुझ्या प्रश्नात खोलीचं काय झालं ते दिसलं नाही. ठरली नसेल तर श्टुडेंटनवेर्कच्या प्रतीक्षायादीत आजच नाव टाक, आणि अभ्यासक्रमाच्या समन्वयकांना ईमेल कर की गावातून येते आहे, पहिल्या महिन्यापुरती तरी सोय सुचवा. ते मदत करतात. खाजगी खोली मिळाली तर सही करायच्या आधी करार मला पाठव. नोंदणीसाठी लागणारा कागद द्यायला मालक तयार आहे का, हे त्याला आधी लेखी विचार. नाही म्हणाला तर खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नकोस.